दोन तटांतलं गाव

मराठीत ‘फांजी’ असा एक शब्द आहे. तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्याला फिरता यावं म्हणून ठेवलेली वाट, ती फांजी. किल्ल्यांवर भटकणाऱ्या मंडळींच्या तोंडी तो अजून टिकून आहे, बाकी कुणाला त्याची गरज उरलेली नाही. गेल्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्योर्डलिंगेन नावाच्या गावात मी एका अख्ख्या गावाला फांजीवरून प्रदक्षिणा घातली. सव्वा तास लागला. त्यातली पंधरा मिनिटं अहोंच्या गुडघ्यापायी गेली.

लेक स्टुटगार्टला असते. आम्ही जाणार म्हटल्यावर तिनं यादी केली होती आणि यादीत पहिलं नाव रोटेनबुर्गचं. जर्मनीतलं सगळ्यात प्रसिद्ध तटबंदीचं गाव; कॅलेंडरवरचं, बिस्किटांच्या डब्यावरचं. “पण आई, त्याच रस्त्यावर आणखी एक आहे. ते उल्कापाताच्या विवरात वसलंय.” तिथेच निर्णय झाला. माझं माहेर मेहकर. तिथून लोणार हाकेच्या अंतरावर. शाळेची सहल लोणारला, पाहुणे आले की लोणार, नवं लग्न झालं की दैत्यसूदनाच्या दर्शनाला लोणार. विवरात वसलेलं गाव म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय मला परत जाणं शक्यच नव्हतं.

आलनला गाडी बदलली. बोपफिंगन स्टेशनाच्या अलीकडे उजव्या-डाव्या खिडक्या धुंडाळताना अहो एकदम म्हणाले, “अगं, हा तर आपलाच डोंगर!” खरोखरच, सपाट माथ्याचा, बोडका, चहूबाजूंनी उतरता. ईप्फ त्याचं नाव. सह्याद्रीत वाढलेल्या नजरेला असा डोंगर दिसला की तिथे गड असणारच असं वाटतं, आणि इथे तो होताही. ख्रिस्तपूर्व काळात केल्ट लोकांनी त्याच्या माथ्याभोवती तट घातला होता. त्याच्या पुढे गाडी सखल भागात उतरली, शेतं रुंदावत गेली, झाडं विरळ झाली. मी विवर कधी येतं याची वाट बघत बसले, आणि न्योर्डलिंगेनचं स्टेशन आलं.

फसगतच म्हणायची. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं विवर एका दृष्टिक्षेपात मावतं. त्याचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. न्योर्डलिंगेनचं हे विवर, रीस त्याचं नाव, सुमारे २४ किलोमीटरचं. त्यात शेकडो शेतं आहेत, नद्या आहेत, रेल्वे आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर आकाराचा दगड आकाशातून इथे आदळला आणि त्यानं केलेला खड्डा इतका मोठा की आत उभ्या असलेल्या माणसाला तो खड्डा वाटतच नाही. सपाट मुलूख वाटतो. खड्ड्यात आहोत हे कळायला उंचावर चढावं लागतं.

उंच जागा गावाच्या अगदी मधोमध आहे. सेंट जॉर्जच्या चर्चचा मनोरा, नाव डानिएल, उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०. अहो खाली बाकावर बसले. मी आणि लेक वर गेलो. वरच्या कठड्याशी पोचल्यावर मी बराच वेळ बोलले नाही, दमले होते हेही एक कारण. खाली लाल कौलांचं गोल गाव. गोल म्हणजे कंपासनं काढल्यासारखं नाही, हातानं लाटलेल्या पोळीसारखं. त्याच्या कडेनं तट, तोही कौलारू. तटाबाहेर नवी वस्ती, मग हिरवी-पिवळी शेतं, शेतांतून चर्चचे सुळके वर काढलेली खेडी. इथून ९९ खेडी मोजता येतात असं म्हणतात. आम्ही तिसाच्या पुढे भांडायला लागलो. आणि या सगळ्याच्या पलीकडे, जवळजवळ चारी बाजूंनी, झाडीनं काळपट झालेली एक बुटकी कड. तळापासून शंभर-दीडशे मीटर उंच. ती विवराची कड.

म्हणजे तटाच्या आत तट. बाहेरचा आकाशातून पडलेल्या दगडानं घातलेला, आतला माणसांनी दगड वाहून घातलेला. आणि आपण मधल्या सुळक्यावर. माझ्या डोक्यात आलं ते परातीत ठेवलेल्या वाटीचं चित्र, पण लेकीला ते फार घरगुती वाटलं.

गंमत पुढे आहे. ज्या मनोऱ्यावर आम्ही उभे होतो तो बांधलाय त्याच आघाताच्या दगडानं. स्यूव्हाइट म्हणतात त्याला. करडा, ठिसूळसर, मध्ये काळ्या काचेचे तुकडे. आघातानं वितळलेला आणि भरडलेला खडक पुन्हा खाली बसून घट्ट झाला, तो हा. पंधराव्या शतकात चर्च बांधणाऱ्यांना तो जवळच्या खाणींत मिळाला, कापायला सोपा, म्हणून वापरला. पुढे पाचशे वर्षं लोक त्यात प्रार्थना करत राहिले, आणि पुढे भूगर्भशास्त्रज्ञ आले तेही सांगत राहिले की हा ज्वालामुखीचा दगड आहे, रीसचं खोरं ज्वालामुखीचं आहे. १९६० साली यूजीन शूमेकर हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ इथे आला. इथल्या दगडात त्याला आणि त्याचा सहकारी एडवर्ड चाओ याला कोएसाइट सापडलं. वाळूतलं जे सिलिका असतं त्याचंच हे रूप, पण ते घडायला इतका प्रचंड दाब लागतो की जमिनीच्या पृष्ठभागाशी तो फक्त उल्केच्या धडकेनंच येऊ शकतो. वाद मिटला. त्या दगडात अतिसूक्ष्म हिरेही आहेत, डोळ्यांना न दिसणारे. खडकातलं ग्राफाइट धडकेसरशी हिरा झालं. हिऱ्यांचं चर्च असं इथले मार्गदर्शक चढ्या आवाजात सांगतात. मला हिऱ्यांपेक्षा ती पाचशे वर्षं जास्त आवडली. पुरावा घराच्या भिंतीत चिणलेला आणि घरातले लोक बेखबर.

१९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलो मोहिमेतले अंतराळवीर इथल्या खाणींत दगड ओळखायला शिकले. अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल त्यात होते; सहा महिन्यांत ते चंद्रावर उतरले. गावच्या विवर-संग्रहालयात चंद्राचा एक तुकडा ठेवला आहे. संग्रहालय आहे १५०३ सालच्या धान्याच्या कोठारात. कोठारच का, हे खाली उतरल्यावर समजतं.

गाव इथे का वसलं याचं उत्तर पायाखाली आहे. विवर झालं, त्यात तळं साचलं, तळं लाखो वर्षांत गाळानं भरलं, वर वाऱ्यानं आणलेली बारीक माती बसली. आजूबाजूचा डोंगराळ मुलूख जंगलाचा आणि चुनखडीचा. मध्ये ही सपाट, काळीशार, धान्य पिकवणारी परात. रोमन लोकांनीही इथे शेतवाड्या वसवल्या होत्या. आणि सपाट असल्यामुळे रस्ते इथूनच जायचे. दक्षिणेच्या आउग्सबुर्गकडून येणारे, न्युर्नबर्गकडे जाणारे. एगर नावाचा ओढ्याहून थोडा मोठा प्रवाह. चामडं कमावणाऱ्यांना तेवढा पुरे. रोटेनबुर्ग टाउबर नदीवरच्या सोंडेवर आहे, त्याला तीन बाजूंनी उतारच राखतो. इनच्या काठचं वासरबुर्ग नदीच्या वळणात असं अडकलंय की पाणीच त्याचा खंदक. न्योर्डलिंगेनला निसर्गानं असं काहीच दिलं नाही. उघड्या माळावरचं गाव, चहूबाजूंनी सारखंच उघडं. म्हणून ते गोल आहे. कुठल्याच बाजूची भीती दुसऱ्या बाजूपेक्षा कमी नाही, तेव्हा कमीत कमी तटात जास्तीत जास्त गाव मावायचं तर गोलच हवं. हा हिशोब माझा.

१२१५ साली ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त नगर झालं. मधे कुणी सरदार नाही, जहागीरदार नाही. पहिला तट त्याच सुमाराचा. चारच वर्षांनी, १२१९ मध्ये, इथल्या जत्रेचा उल्लेख सापडतो. जत्रेनं गाव फुगलं, तटाबाहेर वस्त्या झाल्या, आणि १३२७ मध्ये लुडविग राजाच्या हुकमानं त्या वस्त्यांना कवेत घेणारा नवा तट सुरू झाला. जुना तट गेला, पण जाताना आपला ठसा सोडून गेला. डानिएलवरून बघितलं तर गावाच्या पोटात एक गोल रस्ता दिसतो. तोच जुन्या तटाचा, खंदकाचा मार्ग. झाडाच्या बुंध्यात वर्षाचं वर्तुळ असतं तसं. नवा तट २.७ किलोमीटरचा. गणित केलं तर गावाचा व्यास नऊशे मीटरच्याही आत येतो. मधल्या चर्चपासून कुठल्याही वेशीपर्यंत पाच-सहा मिनिटं. हाक मारली तर ऐकू जाईल, आणि मारतातही; त्याविषयी पुढे.

वेशी पाच. बाल्डिंगर, ल्योप्सिंगर, डाइनिंगर, राइमलिंगर, बेर्गर. पाचवी डोंगराकडची, बाकी चारही नावं त्या त्या दिशेच्या खेड्यांची. हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं. दिल्ली दरवाजा दिल्लीकडे उघडतो, तसंच. फरक इतका की यांची दिल्ली काही किलोमीटरवरच आहे.

वेस म्हटली की आपल्याला शत्रू आठवतो, घोडदळ, उकळतं तेल वगैरे. पण शत्रू शंभर वर्षांत दोनदा यायचा, गाडीवान रोज यायचा. वेशीचं रोजचं काम जकातीचं. कुणाच्या गाडीत काय आहे, किती आहे, त्यावर काय घ्यायचं. सूर्य मावळला की फळ्या ओढून अडसर घालायचा. तट बांधायला पैसा हवा म्हणून अशा अनेक नगरांनी वाइनवर आणि बिअरवर कर बसवला. लोकांनी पिऊन पिऊन आपला तट उभारला म्हणायचं. मुंबईच्या वेशीवर २०१७ पर्यंत ट्रकांची रांग लावणारा जकातनाका ज्यांनी बघितलाय, त्यांना मध्ययुगीन नगर वेगळं समजावून सांगायला नको.

रात्रीची गोष्ट डुकरिणीची. १४४० साली म्हणे शेजारच्या ओएटिंगनच्या सरदारानं ल्योप्सिंगर वेशीच्या राखणदारांना फितवलं. वेस लोटलेली, पण अडसर न घातलेली. त्याच रात्री विणकराची बायको नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली. पुढे एक डुकरीण वेशीला अंग घासत होती आणि फळी हलत होती. विणकराची बायको ओरडली, “सो, ग्झेल, सो!” म्हणजे, असं काय रे गड्या, असं! गाव जागं झालं, वाचलं. दंतकथाच. पण आजही रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासानं, डानिएलवरचा राखणदार हेच ओरडतो. पगारी राखणदार. आम्ही मुद्दाम त्या रात्री राहिलो. दहाला चौकात उभे होतो. वरून आवाज आला, लांबवलेला, दमदार. चौकातल्या आइस्क्रीमच्या दुकानासमोरच्या एका पोरानं खालून तोच पुकारा परत केला. त्याच्या आईनं त्याला दटावलं नाही.

आता फांजीविषयी. पूर्ण गावाभोवती सलग, छपराखालून चालता येणारी अशी तटावरची वाट जर्मनीत फक्त इथेच उरली आहे. पायाखाली दगड किंवा जाड फळ्या, डोक्यावर कौलं, बाहेरच्या हाताला जंग्यांची, म्हणजे मारा करायच्या भोकांची, रांग, आतल्या हाताला लाकडी कठडा. जंगीतून बाहेर बघितलं तर बोटभर आभाळ आणि पार्किंग. कठड्यावरून आत बघितलं तर लोकांची परसं. मिरच्यांची कुंडी, मुलाची सायकल, दोरीवर टॉवेल. तटाला पाठ लावून इवलीशी घरं उभी आहेत. मागची भिंत म्हणजे तटच. भिंतीचे पैसे वाचले. गरिबांची आणि नगरातल्या शिपायांची घरं असायची अशी. गावाच्या मध्यभागी श्रीमंत, कडेला गरीब, तट चढला की गरिबाच्या स्वयंपाकघराच्या छपरावर.

चालताना मला शब्द छळत होता तो दुसराच. गावकूस. आमच्याकडे गावाच्या तटाला हा शब्द होता, आणि किती सुंदर आहे. कूस. आईची असते ती. पण तो शब्द आपण एकट्यानं जवळजवळ वापरतच नाही. वापरतो तो ‘गावकुसाबाहेर’ असा. कुशीची आठवण आपल्याला कुशीबाहेर ठेवलेल्यांमुळे राहिली. न्योर्डलिंगेनला बाहेर कोण होतं, हे फांजीवर कुठे लिहिलेलं नाही. गावच्या इतिहासात आहे. १३८४ मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली. पुन्हा काही कुटुंबं आली, त्यांना १५०७ मध्ये हाकललं, आणि त्यानंतर १८६० पर्यंत ज्यूंना या तटाच्या आत घर करता आलं नाही. साडेतीनशे वर्षं. ते विवरातच राहिले, वालरस्टाइन, ओएटिंगन अशा भोवतालच्या गावांत, आणि व्यापाराला यायचे ते याच वेशीतून. बाहेरच्या तटाच्या आत, आतल्या तटाच्या बाहेर.

आणि आत असलेल्यांचं तरी काय. १५८९ ते १५९४ या वर्षांत या गोल गावानं चेटकिणी म्हणून ३५ जणांना मारलं. जवळजवळ सगळ्या बायका. मारिया होल ही खाणावळवाली होती. तिचा ६२ वेळा छळ केला, तिनं कबुली दिली नाही. शेवटी सोडावं लागलं, आणि तिच्यानंतर ते खटले थंडावले. अडसर घातलेल्या वेशीच्या आत, एकमेकांची परसं दिसतील इतक्या जवळ राहणारी माणसं, कोण कुणाकडे बघून काय म्हणतं हे सगळ्यांना ठाऊक. असल्या गावात अफवेला बाहेर पडायला जागा नसते. ती गोल गोल फिरत राहते.

मग एवढा तट उरला कसा? प्रवाशांना वाटतं जपला म्हणून. मुळात तो उरला तो दिवाळं निघालं म्हणून. तीस वर्षांच्या युद्धात, सप्टेंबर १६३४ मध्ये, गावाला वेढा पडलेला असताना बाहेरच्या टेकड्यांवर मोठी लढाई झाली. स्वीडिश सैन्य गावाच्या मदतीला आलेलं, समोर सम्राटाचं आणि स्पेनचं. दोन दिवसांत स्वीडिश बाजू धुळीला मिळाली, आणि गाव शरण गेलं. वेढ्यातली उपासमार, साथ, खंडणी. गावाची कंबर मोडली. व्यापाराचे रस्ते हळूहळू दुसरीकडे वळले. पुढची दोनशे वर्षं या गावाला तटाबाहेर वाढण्याची गरजच पडली नाही. आतच जागा रिकामी होती. तट पाडायलाही पैसा लागतो. डिंकल्सब्यूल, रोटेनबुर्ग, यांचीही हीच कहाणी.

ज्यांची भरभराट झाली त्यांनी तट ठेवले नाहीत. व्हिएन्नानं १८५७ मध्ये पाडायला घेतला आणि जागी रुंद रस्ता केला. आणि आपली मुंबई? १८६० च्या दशकात कापसाच्या पैशानं शहर फुगलं तेव्हा इंग्रजांनी किल्ल्याचा तट उतरवला. आज फोर्टात फोर्ट नाही आणि चर्चगेटला गेट नाही, लोकल तेवढ्या येतात. न्योर्डलिंगेनमध्ये वेशीला वेस आहे, कारण नशीब फिरलं. १८०३ च्या सुमारास ते बव्हेरियाच्या ताब्यात गेलं, आणि १८२६ मध्ये तिथल्या पहिल्या लुडविग राजानं तट पाडायला मनाई केली. तोवर जुन्या गोष्टींचं प्रेम फॅशनमध्ये आलं होतं. १८४९ मध्ये रेल्वे आली ती सभ्यपणे बाहेरच थांबली.

रोटेनबुर्ग आम्ही दुसऱ्या दिवशी केलं, ‘केलं’ हेच क्रियापद बरोबर. तिथल्या तटाच्या एका भागात दर काही पावलांवर दगडी पाट्या आहेत, नावांच्या. ३१ मार्च १९४५ ला बॉम्ब पडून तिथला बराच तट गेला. जगभरच्या लोकांनी देणग्या दिल्या, त्यांची ती नावं. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर ‘अमुक यांचे स्मरणार्थ’ असतं तसंच. अहोंनी त्यात जोशी शोधला. सापडला नाही.

युरोपात दुसऱ्या जातीचीही तटबंदीची गावं आहेत, तोफा आल्यानंतरची, कागदावर आखून जमिनीवर उतरवलेली. व्हेनिसनं १५९३ मध्ये वसवलेलं पाल्मानोव्हा, नऊ टोकांची चांदणी. ऱ्हाइनकाठी वोबाँ या फ्रेंच दुर्गरचनाकारानं आखलेलं नफ-ब्रिझाक, अष्टकोनी, आत चौकटी चौकटी. विमानातून देखणी. पण पाल्मानोव्हात राहायला कुणी येईना, तेव्हा १६२२ मध्ये व्हेनिसनं कैद्यांना माफी देऊन तिथे जागा फुकट वाटल्या. मला त्यात काही नवल वाटत नाही. त्याच काळाची तटबंदीची शहरं पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरही बांधली. वसईच्या किल्ल्यात चर्चं आणि वाडे होते, ते गावच होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून त्याचा बुरूज उडवला. आज आत ताडाची झाडं आणि प्रीवेडिंगवाले आहेत.

निघायच्या दिवशी मी सकाळी सहाला एकटीच पुन्हा फांजीवर गेले. कौलांखाली पाकोळ्या. बेर्गर वेशीच्या कमानीतून पावाची गाडी आत आली, आरसे दुमडून. डाइनिंगर वेशीपाशी फोन वाजला. आदल्या रात्री मी डानिएलवरून काढलेला फोटो भावाला पाठवला होता. तो मेहकरचा, आयुष्य शेतीत गेलं, लोणारच्या पाण्याची चव त्याला चांगली ठाऊक. उल्का, दीड कोटी वर्षं, अंतराळवीर, सगळं मी लिहिलं होतं. त्याचा प्रश्न एकच होता : “पाणी खारट आहे का?”

संग्रहालयात वाचलं होतं म्हणून उत्तर देता आलं. तळं होतं तेव्हा ते खारट होतं, क्षारांचं, आपल्यासारखंच. आता त्यावर गहू उभा आहे.

“मग गाव काठावर का नाही बांधलं?” त्यानं लिहिलं. लोणार गाव काठावरच आहे.